जुन्या मोटारीच्या स्टीअरिंगचा सुटा भाग मापावरून कसा शोधावा

मराठवाड्यात जुनी पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा जीप नीट करून घेणारा मालक इंजिन, रंग आणि सीटकव्हर यांवर सढळ हाताने खर्च करतो, आणि स्टीअरिंगचा प्रश्न मात्र 'जुनी गाडी म्हटल्यावर थोडा प्ले असायचाच' (प्ले म्हणजे चाके न वळता व्हील मोकळे फिरणे) एवढ्यावर सोडून देतो. पुढे कधीतरी चाक वाजायला लागले की दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगितले जाते, दुकानदार धूळ झटकून एक खोके पुढे सरकवतो आणि 'घेऊन जा, बसतंय की' असे म्हणतो. बऱ्याचदा तो भाग खरोखर बसतोही. पण स्टीअरिंगच्या बाबतीत बसणे आणि जुळणे यांत फरक आहे. एकाच नावाची गाडी वीस-पंचवीस वर्षे तयार होत राहिली, मधल्या काळात पुरवठादार बदलले, आणि आधीच्या मालकांनी कोणकोणते भाग चढवले याची नोंद कोणाकडेही नसते. म्हणून दुकानात जाताना गाडीचे नाव सोबत असू द्यावे, परंतु खरेदी मात्र हातातल्या जुन्या भागाच्या मापांवरूनच करावी.

त्याआधी नेमका कोणता भाग झिजला आहे हे ठरवावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टीअरिंग व्हीलवरचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. सोळा इंची व्हीलच्या कडेवर हे अंतर साधारण १० सेंटिमीटर भरते, म्हणजे ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. चांगल्या स्थितीतल्या गाडीचा प्ले यापेक्षा पुष्कळ कमी असतो. गाडी जमिनीवरच उभी ठेवून एकाने व्हील डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, हे बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळते. मग पुढचे चाक जॅकवर उचलून गाडी घोड्यावर (आधाराच्या स्टँडवर) टेकवावी. वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुलत असेल तर किंग पिन (पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती पिन) किंवा चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा, आणि आडवे धरून हलवल्यावर डुलत असेल तर टाय रॉड एंड (चाके वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा बॉलचा सांधा), आयडलर आर्म (दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा आर्म) किंवा स्टीअरिंगच्या गियर बॉक्सकडे पाहावे. वर-खाली डुलणाऱ्या चाकाचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगावा. डुलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, थांबले नाही तर किंग पिनचा.

आपल्या गाडीची रचना कोणती, हेही माहीत असावे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट आणि तिचीच पुढची पद्मिनी यांत वर्म गियरचा (मळसूत्रासारख्या गियरचा) बॉक्स असतो आणि त्याला अनेक दांड्या जोडलेल्या असतात. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, २०१४ पर्यंत उत्तरपाऱ्यात बनत राहिलेली अॅम्बॅसेडर मात्र रॅक-पिनियनची (दातेरी पट्टी आणि छोट्या दातेरी चाकाची) आहे. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमध्ये रॉस पद्धतीचा कॅम-लिव्हर बॉक्स येतो. याचा परिणाम थेट बाजारावर होतो. अॅम्बॅसेडर टॅक्सी म्हणून अलीकडेपर्यंत धावत असल्यामुळे तिचे टाय रॉड एंड आणि रॅकचे रबर अजून सहज मिळतात; मात्र मार्क टू, मार्क फोर, नोव्हा आणि इसुझू इंजिनाची १८०० या सगळ्यांना एकच भाग चालतो असे गृहीत धरू नये. जीपचे भाग परदेशातून मागवणाऱ्याने आधी एक गोष्ट तपासावी: तिकडच्या बहुतेक गाड्या डाव्या हाताच्या असतात, आणि त्यांचा बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा आर्म) व ड्रॅग लिंक (त्याला जोडलेली दांडी) आपल्या उजव्या हाताच्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

आता मापाकडे वळू. साहित्य फार लागत नाही: एक व्हर्नियर कॅलिपर, आट्यांचे पिच (दोन आट्यांमधले अंतर) मोजणारे गेज, पोलादी पट्टी आणि वही. टाय रॉड एंड काढण्यापूर्वी दोन्ही बॉलच्या मध्यांमधले अंतर मोजून लिहावे आणि किती आटे बाहेर दिसतात तेही मोजावे. जोड सोडवताना बॉल जॉइंटचा पुलर वापरावा. तो नसेल तर नट अर्धा लावून ठेवून आर्मच्या डोळ्यावर (पिन बसते त्या भोकाभोवतीच्या भागावर) दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोडे मारावेत. पिनच्या टोकावर मारलेला घाव आटे बिघडवतो आणि मग माप घेण्यासारखेही काही उरत नाही.

बॉल पिनचा टेपर (निमुळतेपणा) हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित माप आहे. पिन रॉकेलमध्ये धुऊन कोरडी करावी, टेपरच्या जाड टोकाचा व्यास घ्यावा, बारीक टोकाचा घ्यावा आणि या दोन जागांमधले अंतर मोजावे. समजा जाड टोक १४.५ मिलिमीटर, बारीक टोक १३ मिलिमीटर आणि मधले अंतर १२ मिलिमीटर आहे. तर फरक दीड मिलिमीटर, म्हणजे टेपर १:८ झाला. नवी पिन १:१० ची असेल तर तीही आर्मच्या डोळ्यात शिरेल, नटही आवळला जाईल, पण ती फक्त एका कडेवर टेकेल आणि काही दिवसांनी तीच जागा खाऊन मोकळी होईल. खात्री करून घेण्यासाठी नव्या पिनवर मार्किंग ब्ल्यूचा (कुठे टेकते ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर द्यावा, ती हाताने डोळ्यात दाबून किंचित फिरवावी आणि बाहेर काढून पाहावी. निळा रंग डोळ्याच्या आत जवळपास सगळीकडे उमटला पाहिजे. एकच निळी कडी दिसली तर तो भाग दुकानदाराला परत द्यावा. टेपर बरोबर असूनही पिन जास्त खोल बसली तर नट आट्यांच्या शेवटी अडतो आणि जोड आवळला गेल्याचा नुसता भास होतो, म्हणून स्प्लिट पिनचे (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनचे) भोक नटाच्या खाचांसमोर येते का, हेही तिथल्या तिथे पाहावे.

आट्यांच्या बाबतीत फसगत होते ती इंच आणि मेट्रिक यांच्या जवळिकीमुळे. फियाटकडून आलेल्या गाड्या मेट्रिक, तर मॉरिस आणि विलिसकडून आलेल्या गाड्या मुळात इंची मापाच्या. एम १४ (व्यास १४ मिलिमीटर), दीड मिलिमीटर पिच आणि ९/१६ इंच, इंचाला १८ आटे हे दोन बोल्ट शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेला सारखेच दिसतात. दुसऱ्याचा व्यास १४.२९ मिलिमीटर आणि पिच सुमारे १.४१ मिलिमीटर असते. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातो आणि मग जड होतो. त्या क्षणी पाना लांब करण्याचा मोह आवरावा. शिवाय टाय रॉडच्या एका टोकाला बहुधा सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, कारण मधली दांडी फिरवून लांबी कमी-जास्त करता यावी अशी ती योजना आहे. म्हणून मागणी करताना 'उलट्या आट्याचा एक, सुलट्याचा एक' असे स्पष्ट सांगावे. ड्रॉप आर्म घेताना स्प्लाइनच्या (शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या दातांच्या) खाचा मोजाव्यात, शाफ्टचा व्यास घ्यावा आणि आर्मची लांबी व वाकही जुन्याशी ताडून पाहावा. वाक थोडा जरी वेगळा असला तरी बॉलची उंची बदलते आणि खड्ड्यातून जाताना गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

ही मापे वहीत आली की शोध सोपा होतो. पहिली चौकशी आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात करावी; संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड येथील जुन्या दुकानांच्या माळ्यावर बंद पडलेल्या गाड्यांचा माल अजून निघतो. पुढे पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, नांदेड-लातूरकरांना जवळचे सिकंदराबादचे राणीगंज, अॅम्बॅसेडरसाठी कोलकात्याचा मलिक बाजार आणि एकूणच मोटारींच्या भागांसाठी दिल्लीचे काश्मिरी गेट ही ठिकाणे आहेत. फोनवर नुसते मॉडेल सांगू नये. भाग पोलादी पट्टीशेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढावा, मापे लिहून पाठवावीत आणि समोरच्याकडूनही व्हर्नियर लावलेला फोटो मागवावा. जो दुकानदार असा फोटो द्यायला कंटाळा करतो, त्याचा भाव कितीही कमी असला तरी त्याच्याकडून माल ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'बसला नाही तर परत' ही अटही आधीच लिहून घ्यावी.

भाग हाती आल्यावर मालाची पारख करावी. फोर्जिंग केलेल्या (ठोकून घडवलेल्या) भागावर जोडरेषा रुंद आणि घासलेली दिसते. ओतीव भागावर ती बारीक, धारदार असते आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. स्टीअरिंगच्या दांड्या आणि आर्म ओतीव घेऊ नयेत. जुन्या साठ्यातला कोरा माल मिळाला तर आनंद जरूर मानावा, पण त्याचे रबर तडकलेले आणि आतले ग्रीस सुकून मेणासारखे झालेले असते. बूट (सांध्यावरचे रबरी आवरण) नवा घालून, जुने ग्रीस काढून मगच तो वापरावा. चेन्नईच्या राणे (मद्रास) सारख्या स्टीअरिंग लिंकेज बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या नावाची खोकी पाहून निर्धास्त होऊ नये; खोके छापणे अवघड नाही, म्हणून भागावरचा ठसा आणि खोक्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहावे.

बॉक्स बदलण्याची घाई मात्र करू नये. टाय रॉड एंड, आयडलर, किंग पिन हे सगळे ठीक झाल्यावरही प्ले उरला तरच बॉक्स उघडावा, आणि उघडल्यावर बहुधा असे आढळते की गियर चांगला आहे, ऑइल सील आणि बेअरिंग गेलेले आहेत. ऑइल सील गाडीच्या नावाने मागण्याची गरज नसते. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की कोणतेही बेअरिंगचे दुकान ते देते. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतोच. गळती थांबत नाही म्हणून बॉक्समध्ये गियर ऑइलऐवजी ग्रीस भरण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, ती बॉक्सला मारक आहे, कारण वर्मने एकदा बाजूला सारलेले ग्रीस पुन्हा दातांवर येत नाही. अॅडजस्टिंग स्क्रू चाके सरळ ठेवून थोडाच आवळावा. झीज मधल्या भागात जास्त असते, आणि तिथला प्ले पूर्ण काढायला गेले की पूर्ण वळणावर स्टीअरिंग अडकते.

वाळूज, चिकलठाणा आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींमध्ये उत्तम लेथ कारागीर आहेत, त्यामुळे 'मिळत नाही तर बनवून घेऊ' हा विचार इकडे लवकर सुचतो. किंग पिनचे बुश, स्पेसर, कॉलमचा बुश बनवून घेण्यास हरकत नाही. बॉल पिन, ड्रॉप आर्म किंवा स्टीअरिंग आर्म मात्र बाजारातल्या कुठल्याही रॉडमधून कातून घेऊ नये, कारण त्यांची ताकद पोलादाच्या जातीइतकीच उष्णता-प्रक्रियेतून येते. या भागांना वेल्डिंग करणे किंवा गरम करून वाकवणे सर्वथा टाळावे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरचे बॉल जॉइंट प्रत्येक तालुक्याच्या गावी मुबलक मिळतात आणि ते मोटारीच्या आर्ममध्ये रीमर फिरवून बसवणारेही भेटतात. पण एकदा मोठे केलेले भोक मूळ पिनला कायमचे निरुपयोगी होते. वापरलेला आर्म घेतला असेल तर वसाहतीत डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्यावी, म्हणजे डोळ्याला न दिसणारी चीर लाल रेघेने उठून दिसते.

संपूर्ण बॉक्स काढून दुसऱ्या गाडीचा रॅक किंवा पॉवर स्टीअरिंग बसवायचे असेल तर तो निव्वळ सुट्या भागाचा प्रश्न राहत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना लागू होऊ शकते, म्हणून काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे, त्यामुळे अशा गाडीला हा उद्योग करूच नये.

नवा भाग बसवताना जुनी लांबी कायम ठेवून दांडी जोडावी, कॅसल नट (खाचांचा नट) ठरलेल्या ताकदीने आवळावा आणि भोक जुळत नसेल तर तो पुढेच आवळून जुळवावा, मागे कधीही सोडू नये. स्प्लिट पिन दरवेळी नवी घालावी. त्यानंतर चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची नळी किंवा टायर कुठे घासत नाही ना ते पाहावे, मग अलाइनमेंट करून घ्यावी आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. काढलेला जुना भाग भंगारात न देता त्याला मापांची चिठ्ठी बांधून ठेवावा. पुढच्या खेपेला दुकानदारासमोर नमुना म्हणून तोच कामाला येतो.