हीटर वाढवण्याआधी फटी शोधा

बाहेर वारा सुटला असेल तेव्हा उदबत्ती पेटवून बंद खिडक्या-दारांच्या कडेने हळूहळू फिरवा (पडदे जपून!). धूर सरळ वर न जाता आडवा पळाला, की समजा गार हवा तिथूनच आत शिरतेय. खिडकीच्या फटीला फोमची चिकटपट्टी लावा. दाराखाली जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी पुरते. उन्हाच्या बाजूचे पडदे दिवसा उघडे ठेवा, अंधार पडताच सगळे ओढून घ्या. 2000 वॉटचा हीटर सलग चालला तर तासाला 2 युनिट वीज खातो, तेव्हा जिथे बसता-उठता तेवढीच खोली तापवा. गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटते त्या खोलीतला झरोका मात्र कधीच बुजवू नका, शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो.