मिशन ट्रिपला पोरं घेऊन जाताय? खरं काम ठाण्यातच असतं

ठाण्यातल्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, पोरं घेऊन आम्ही नेपाळमधल्या बुटवलला मिशन ट्रिपला, म्हणजे तिथल्या मंडळीच्या सेवेत हातभार लावायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्यातल्या एका मुलाने रील टाकली. तिथल्या मंडळीच्या हॉलमध्ये चटईवर बसलेली पंधरा-वीस नेपाळी मुलं, डोळे मिटलेले, हात जोडलेले, मागे गिटार. दिसायला गोडच होती. अर्ध्या तासाने तिथले पास्टर दाइ (दाइ म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ) माझ्याकडे आले. आवाज जराही न चढवता हिंदीत म्हणाले, "दीदी, ये वीडियो अभी हटवा दीजिए." पण त्यांच्या हातातला चहाचा ग्लास हलत होता, तो मला अजून दिसतो.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर घडवायला बंदी आहे. २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. ती मुलं मंडळीतल्याच घरांतली होती, तिथे कुणी कुणाला बाटवत नव्हतं. पण मोबाईलवर बघणाऱ्याला ते कसं कळावं? आम्ही चार दिवसांनी ठाण्याला परतणार होतो. राहायचं त्यांना होतं.

वाईट याचं वाटलं की विचारल्याशिवाय फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, हा नियम मी मुलांना सांगितला होता. एका रविवारी उपासना संपल्यावर कागद वाचून दाखवला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पोरांचं लक्ष बाहेर मांडलेल्या समोशांकडे. पुढच्या वर्षी मी कागद ठेवला बाजूला आणि तरुण संघाच्या बैठकीत मुलांनाच नाटुकली करायला लावली: एक पास्टर, एक पोलीस, एक रील टाकणारा. त्या वर्षी परवानगी न विचारता कुणी फोन वर धरला नाही.

मी कळव्याला राहते, ऐरोलीला नोकरी करते आणि ठाण्यातल्या आमच्या मराठी मंडळीच्या तरुण संघासोबत दोनदा नेपाळला जाऊन आले. पहिल्यांदा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, विचारलं तेव्हा मला वाटलं, आपण तिकडे सेवा करायला चाललोय. तसं नव्हतं. सेवा तिथली माणसं बारा महिने करतातच. माझं काम होतं आपल्या चौदा पोरांना धड नेणं, धड आणणं आणि मधल्या दिवसांत ती यजमानांच्या डोक्याला ताप होणार नाहीत हे बघणं. पहिल्यांदाच स्वयंसेवक म्हणून निघाला असाल, तर एवढं समजून निघा.

कागदपत्रांपासून सुरुवात करा, तीही तीन महिने आधी. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार नाही. आणि सतरा वर्षांच्या मुलाकडे मतदार कार्ड असणार कुठून? पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. आमच्या दोघांची शाळा मे महिन्याच्या सुट्टीत बंद झाली आणि सहीसाठी मुख्याध्यापकांच्या घरी जावं लागलं. त्यांनी चहा पाजला, हे त्यांचं मोठेपण.

आम्ही कल्याणहून गोरखपूरची गाडी धरली. तिथून बसने सोनौली, सीमा चालत ओलांडायची, आणि पलीकडे भैरहवाहून बुटवल. नेपाळ म्हटल्यावर निम्म्या पोरांनी स्वेटर भरले होते. बुटवल डोंगराच्या पायथ्याशी आहे, मेमध्ये तिथे ठाण्याइतकंच उकडतं.

सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आमची पहिली हजेरी याच गोंधळात गेली, निम्मे 'ठाण्याच्या वेळेने' आले. भारतीय शंभर रुपयांचे तिथले एकशेसाठ होतात, म्हणून दुकानदाराने किंमत सांगितली की आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. एका मुलीने न विचारता एनसीतली किंमत आपल्या पैशांत चुकती केली. शंभराच्या नोटा न्या. आपलं सिम रोमिंगशिवाय बंद पडतं, म्हणून मोठ्या माणसांपैकी दोघांनी तरी नेपाळी सिम घ्या आणि तो नंबर त्याच दिवशी सगळ्या पालकांना कळवा.

कार्यक्रम यजमानांना ठरवू द्या. आम्ही ठाण्यात बसून रविवारी मुलांचा मोठा मेळावा ठरवला होता. तिथे तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारी होती, मंडळ्या उपासनेलाही शनिवारी जमायच्या. रविवारी मुलं दप्तर घेऊन शाळेत. हे एका फोनवर कळलं असतं.

अनाथाश्रमाची भेट कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, कुणीतरी हयात असतं. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून खेड्यांतून मुलं आणून ठेवल्याची प्रकरणंही उघडकीस आली आहेत. आपण दोन तास फुगे फुगवून येतो, मुलाला मात्र दर आठवड्याला नवी ताई मिळते आणि जाते. याबाबतीत मी हट्टी आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीतही तेवढंच काटेकोर राहा. कुठल्याही मुलासोबत एकटं मोठं माणूस बंद खोलीत नको. मुलींसोबत किमान दोन बायका हव्यात. स्वयंसेवकांचं पोलीस व्हेरिफिकेशन निघण्याआधीच करून घ्या. "आपल्याच मंडळीतला आहे, त्याची कसली चौकशी" असं कुणीतरी म्हणणारच. त्याचं आधी करा.

खरा कस रात्री लागतो. दिवसा सगळे शहाणे असतात. साडेदहानंतर एकाचं पोट बिघडतं, एकीला आईची आठवण येते, दोघांचं तंबोऱ्यावरून भांडण होतं. (तंबोरा म्हणजे आमच्यातल्या एकाचं घोरणं.) ओआरएस, टॉर्च आणि जागं राहायची तयारी एवढं जवळ ठेवा. एका रात्री दहावी झालेला एक मुलगा पायरीवर बसून म्हणाला, "ताई, इथे आपण काही केलंच नाही. भांडी घासली, भाज्या चिरल्या." मी म्हटलं, आणखी काय करायचं होतं? त्याला सांगता आलं नाही, मलाही नाही. आम्ही दोघं उठून उरलेले टोप घासायला गेलो.

सगळ्यात छान गोष्ट ठरवून झालेली नव्हतीच. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे आमची पोरं त्यांची भजनं थेट पुस्तकातून वाचून गायला लागली, अर्थ निम्मा कळत असतानाही. मग त्यांना आमचं एक गीत शिकायचं होतं. त्यात 'बाळ' आलं. नेपाळीत ळ नाही. 'बाल', 'बाड', 'बार', सगळं म्हणून झालं. शेवटी एका नऊ वर्षांच्या मुलीने जीभ मागे वळवली, आणि आला! तिने लगेच बाकीच्यांची शाळा घेतली.

परवा पास्टर दाइंचा व्हॉइस मेसेज आला. मागे तीच मुलगी गात होती. मी बैठकीत लावला. रील टाकणारा आता कॉलेजला आहे, त्याने विचारलं, "ताई, हा ग्रुपवर टाकू का?" मी म्हटलं, आधी दाइंना विचार. त्याने विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.