सदोष वस्तूमुळे भाजल्यानंतर वकील शोधताना या चुका टाळा

प्रेशर कुकरचे झाकण उडते, चार्जिंगला लावलेली पॉवर बँक पेट घेते किंवा गिझरमधून अचानक उकळते पाणी येते. आणि घरातल्या सगळ्यांचे लक्ष साहजिकच रुग्णालयाकडे लागते. वकिलाचा विचार महिना-दोन महिन्यांनी सुरू होतो, आणि तोवर ज्या वस्तूमुळे हे सारे घडले ती भंगारात गेलेली असते. भारतातील अशा दाव्यांची सर्वांत मोठी हानी बहुधा इथेच होते, कारण वस्तूच हाताशी नसेल तर तिच्यातला दोष सिद्ध करताना निष्णात वकिलाचाही नाइलाज होतो.

वस्तू टाकून देणे, दुरुस्त करणे किंवा कंपनीच्या हवाली करणे

जळालेली वस्तू धुऊ नये, उघडू नये, चालते का हे पाहण्यासाठी पुन्हा सुरू तर मुळीच करू नये. कुकर असेल तर झाकण, शिट्टी, रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जसे सापडले तसेच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. आयएसआय चिन्ह आणि बॅच क्रमांक यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. बिल, खोके आणि माहितीपुस्तिका जपून ठेवावी. घरगुती प्रेशर कुकरना २०२१ पासून भारतीय मानक आयएस २३४७ पाळणे बंधनकारक आहे, त्यामुळे चिन्हच नसणे हाही पुराव्याचाच भाग ठरतो. कंपनीचा माणूस ‘तपासणीसाठी नेतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा. तपासणी आवश्यक असल्यास ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निर्णय देणारी यंत्रणा, स्वतः वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

वस्तू आधीच गेली असल्यास दावा संपला असे मानू नये. ऑनलाइन ऑर्डरची नोंद, अपघाताच्या जागेची छायाचित्रे, अग्निशमन दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा आणि शेजाऱ्यांचे जबाब हे सगळे वकिलापुढे ठेवावे, म्हणजे त्यातून काय उभे राहू शकते हे त्याला स्पष्टपणे सांगता येईल.

केसपेपरवर काय लिहिले आहे ते न पाहणे

दाखल करताना घाईघाईत ‘घरी भाजले’ एवढेच सांगितले जाते आणि तेवढेच नोंदवले जाते. वर्षभराने विरुद्ध बाजूचा वकील तोच कागद दाखवून विचारतो की, यात कुकरचा उल्लेख कुठे आहे? म्हणून कोणत्या वस्तूमुळे आणि कसे भाजले हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी नीट सांगावे, आणि डिस्चार्ज कार्डावर भाजलेल्या भागाची टक्केवारी व जखमेची खोली आली आहे ना, हे पाहावे. गॅस सिलिंडरचा अपघात असेल तर वितरकालाही लगेच लेखी कळवावे, कारण अशा अपघातांसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो.

ओळखीचा म्हणून कोणताही वकील धरणे

जमिनीचे वाद उत्तम लढणारा वकील या कामाला योग्य असेलच असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचे, स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष निर्मिती, सदोष आराखडा किंवा अपुऱ्या सूचना व इशारे यांपैकी काहीही सिद्ध झाले तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, जसे निनावी पॉवर बँकेच्या बाबतीत घडते, तर विक्रेत्याला जबाबदार धरण्याची तरतूदही आहे. पहिल्या भेटीतच वकिलाला विचारावे की अशी प्रकरणे आयोगापुढे त्याने चालवली आहेत का, आणि तांत्रिक तज्ज्ञाचा अहवाल तो कसा मिळवणार आहे. ‘वस्तू कुठे आहे?’ हा प्रश्न भरपाईच्या आकड्याआधी विचारणारा वकील मला अधिक भरवशाचा वाटतो.

रुग्णालयात येऊन स्वतःहून वकीलपत्र पुढे करणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला अशा प्रकारे काम मिळवता येत नाही, आणि भरपाईच्या रकमेतला टक्का फी म्हणून ठरवण्यासही मनाई आहे. फी कोणत्या टप्प्याला किती आणि तज्ज्ञांचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे.

पैशांअभावी थांबण्याचे कारण नाही. आयोगापुढे वकील सक्तीचा नसतो, आणि महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. आयोगाची पातळी मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, म्हणून कुकरचे किंवा गिझरचे प्रकरण जिल्हा आयोगातच जाते, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला तक्रार शुल्कही नाही.

मुदत आणि तडजोड यांत फसणे

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. खोल भाजल्याचे व्रण पक्व व्हायलाही साधारण वर्ष ते दोन वर्षे लागतात. या काळात सांधे आखडू शकतात, दाब देणारे कपडे दिवसाचे जवळजवळ २३ तास घालावे लागतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत वाढीबरोबर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते. ‘सगळे बरे झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्याची मुदत टळते, तर पहिल्या महिन्यात नवी वस्तू आणि थोडी रक्कम घेऊन ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशा कागदावर सही करणाऱ्याच्या हातून पुढचा सगळा खर्च निसटतो. जाणता वकील प्लास्टिक सर्जनकडून पुढील उपचारांचा लेखी अंदाज घेऊन मुदतीतच तक्रार दाखल करतो. मुदत टळलीच असेल तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी रुग्णालयातील वास्तव्यासारखे सबळ कारण आणि त्याचे कागद लागतात.

वकिलापासून गैरसोयीची गोष्ट लपवणे

रबरी रिंग दुसऱ्याच बनावटीची होती किंवा चार्जर मूळचा नव्हता, हे आधीच सांगून टाकावे. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात बदल केला होता, हा विक्रेत्याचा कायदेशीर बचाव आहे आणि उत्पादकही तोच मुद्दा पुढे करणार. सुनावणीत तो प्रथमच कानावर पडला तर आपला वकील निरुत्तर होतो.

वकील फोन घेत नसेल, तारखा हुकवत असेल तर लेखी विचारणा करावी आणि तरीही फरक न पडल्यास तो बदलावा. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. तरीही बिल आणि केसपेपरच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवून त्याला सुरुवातीला छायाप्रतीच द्याव्यात.