प्रतिकारशक्ती स्वतःला आवरते कशी: एक छोटे गणिती प्रारूप

आनंदवन आणि दत्तपूर ही कुष्ठरुग्णांच्या सेवेची केंद्रे ज्या मुलखात आहेत, तिथल्या विद्यार्थ्याने या विषयाची सुरुवात कुष्ठरोगापासून करावी, असे मला मनापासून वाटते. औषधाने जंतू मरत असतानाही काही रुग्णांच्या नसा सुजतात आणि बोटांतले बळ जाते. ही इजा मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे होते. तो दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या आणि २०२५ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

स्प्रेडशीटमध्ये दोन स्तंभ घ्यावेत: लढाऊ पेशी ‘ल’ आणि नियामक पेशी ‘न’. ‘ल’ची रोजची वाढ अ×ल − ब×ल×न, तर ‘न’ची प×ल − म×न अशी धरावी. इथे अ हा ‘ल’च्या वाढीचा दर, ब हा ‘न’कडून होणाऱ्या दमनाचा जोर, प हा ‘ल’मुळे ‘न’ वाढण्याचा दर आणि म हा ‘न’ घटण्याचा दर. प×ल हे पद मनाने घातलेले नाही: नियामक पेशींना लागणारे इंटरल्यूकिन-२ हे संदेशवाहक प्रथिन बहुतांशी लढाऊ पेशींकडूनच मिळते. अ=०.५, ब=०.०१, प=०.२, म=०.२ आणि वेळेची पायरी ०.१ दिवस ठेवावी, म्हणजे प्रत्येक ओळीत रोजच्या वाढीला ०.१ ने गुणून ती आधीच्या संख्येत मिळवावी. ल=१०, न=५ पासून निघाल्यास पुढच्या ओळीत १०.४५ आणि ५.१ यायला हवेत. तसे आले नाहीत, तर सूत्र तपासूनच पुढे जावे.

आलेख काढल्यावर ‘ल’ ५० च्या बरीच वर जाते, खाली उतरते आणि साधारण २१ दिवसांच्या, विरत जाणाऱ्या लाटांनी दोन्ही संख्या ५० वर स्थिरावतात. इथे घाई करू नये, कारण प्रारूपाचे मर्म इथेच आहे. ब आणि प बदलल्याने समतोलाची पातळी बदलते, पण त्या पातळीजवळ लाटा उठतील की नाही, हे केवळ अ आणि म ठरवतात: म हा अ च्या चौपटीहून कमी असेल, तरच त्या उठतात. म्हणजे दाह पुन्हा पुन्हा उसळण्याचे कारण दमनाच्या जोरापेक्षा नियामक पेशींच्या संथ प्रतिसादात, म्हणजे म लहान असण्यात, असू शकते.

ब शून्य केल्यास ‘ल’ दर १.४ दिवसांनी दुप्पट होत राहते. नियामक पेशी घडण्यासाठी लागणाऱ्या फॉक्सपी३ जनुकात गंभीर बिघाड असलेल्या बाळांत प्रतिकारशक्ती अशीच मोकाट सुटून स्वतःच्या अवयवांवर उलटते.

पायरी निम्मी करून आलेख पुन्हा काढावा, कारण २ दिवसांहून मोठ्या पायरीत समतोल टिकतच नाही आणि तो दोष शरीराचा नसून आपल्या आकडेमोडीचा असतो. वरचे आकडे सरावासाठी निवडलेले आहेत, त्यांवरून कोणाच्याही औषधाचा निर्णय घेऊ नये. हे जमल्यावर तिसरा स्तंभ जंतूंचा जोडावा आणि ‘ल’ची वाढ त्यांच्या संख्येवर अवलंबून ठेवावी.