रेबीज: या चुका टाळा, निदान पहिली तरी

'गाय खात नाही, लाळ गळतेय, घशात काहीतरी अडकलंय बहुतेक.' हे ऐकलं की मी आधी हातमोजे शोधतो. पूर्वी शोधत नसे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका गाईच्या तोंडात मी कोपरापर्यंत उघडा हात घातला. बोटांवर आदल्या दिवशीचे ओरखडे होतेच. घसा मोकळा! गिळण्याचे स्नायूच लुळे पडले होते. आवाज घोगरा, मागचे पाय लटपटणारे. हे सगळं मला नंतर सुचलं. तिसऱ्या दिवशी गाय गेली, मेंदूचा नमुना रेबीज पॉझिटिव्ह आला. माझ्याआधी घरातल्या चौघांनी तिचा घसा चाचपला होता. आम्ही पाचही जण लशीच्या रांगेत. पशुवैद्य असून आगाऊ लस घेतली नव्हती, हे डॉक्टरांना सांगताना मान वर होईना.

तेव्हा रेबीज म्हणजे पिसाळून धावत सुटलेला कुत्रा, एवढंच डोक्यात ठेवू नका. कोपऱ्यात गप्प पडलेला, जबडा लोंबणारा कुत्राही तितकाच धोक्याचा. लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

माझा खरा राग आहे तो जखम धुण्यातल्या घाईवर. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं. लोक दीड मिनिटात उरकतात आणि वर 'धुतली की' म्हणतात. या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून नुसतं पाणी मारून भागत नाही. मी फोनवर गजर लावतो आणि तो वाजेपर्यंत नळ बंद करू देत नाही. पोरं रडतात, आया माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघतात. बघू देत. मग आयोडीन. तिखट, चुना, तेल, झाडपाला यांनी जखम चिडते, विषाणू मरत नाही. टाक्यांचीही घाई नको.

'नुसतं नख लागलंय', 'पिल्लूच होतं.' रक्त आलं असेल तर हा तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत धोक्याचा संपर्क. लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) हवं, तेही जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचलेलं. लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंत तेवढीच राखण.

'दहा दिवस कुत्रा बघू, मग लस.' उलटं आहे! लस आजच सुरू करायची आणि कुत्र्यावर नजर ठेवायची. दहा दिवसांनी तो ठणठणीत असला, तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. हा हिशोब कुत्र्या-मांजरांपुरताच. माकड, मुंगूस, वटवाघूळ यांना तो लावू नका.

पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. आता लस दंडात, लहानग्यांना मांडीत, कुल्ल्यात नाही. वेळापत्रकातला शून्य दिवस म्हणजे पहिल्या डोसचा दिवस, चावल्याचा नव्हे.

'आता बरं वाटतंय' म्हणून मधले डोस बुडवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, फक्त एवढंच सांगतो: विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकायला बहुधा दोन-तीन महिने घेतो, तोवर सगळ्यांनाच बरं वाटतं. लक्षणं दिसल्यावर हाती काही उरत नाही.

पिल्लाला १२ आठवड्यांचं झाल्यावर लस, वर्षाने पुन्हा. मांजरालाही. 'आमची घरातच असते' म्हणणाऱ्या दोघांच्या घरी मी जाऊन आलोय. एकाही खिडकीला जाळी नव्हती.