बैठकीतले दिवे घेताना या चुका टाळा

घर बांधताना माणूस वीट वाजवून घेतो, रेतीत माती किती ते मुठीत धरून पाहतो, सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचतो. दिवे मात्र वास्तूच्या आदल्या दिवशी, तालुक्याच्या दुकानातून, घाईघाईत येतात. यवतमाळकडच्या खेड्यांत मी वायरिंगची कामं करतो. घरं बदलतात, चुका त्याच असतात.

वॅट विचारून दिवा घेणे

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा हाय?" वॅट म्हणजे वीज किती लागणार. उजेड किती पडणार ते ल्युमेनवरून कळतं आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा गोळा ७०० च्या आसपास ल्युमेन द्यायचा. आज ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९०० देतो. दहा बाय बारा फुटांच्या बैठकीला सगळे मिळून २००० ल्युमेन पुरतात, म्हणजे २० वॅटची एक चांगली पट्टी, ट्यूबलाइटसारखा लांबट एलईडी. भिंती गर्द निळ्या-हिरव्या असल्या किंवा वर उघडे कवेलू असले, तर उजेड तिथंच जिरतो. मग ३००० धरा. अख्खं घरकुलच २५ चौरस मीटरचं असतं, त्याची बैठक ती केवढी! तिथं ५० वॅटचा फोकस लावलेला पाहिला की मला त्या घरातल्या पोरांच्या डोळ्यांची काळजी वाटते. फोकस खळ्यासाठी आहे.

रंगाचंही तसंच. खोक्यावर ६५०० के म्हणजे पांढराशुभ्र, ३००० के म्हणजे पिवळसर, ४००० के मधला. दुकानात सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले असतात, त्यात पांढरा उठून दिसतो आणि तोच पिशवीत जातो. पिवळा म्हणजे जुना, कमी व्होल्टेजचा, अशी समजूत गोळ्यांच्या काळापासून पक्की बसली आहे. पण संध्याकाळी बैठकीत चार माणसं बोलत बसतात, म्हातारं माणूस दिवाणावर आडवं होतं, तिथं तो पांढरा झोत डोळ्यांत खुपतो. माझी पद्धत साधी आहे. पट्टी ४००० ची, भिंतीवर एक ५-७ वॅटचा ३००० चा दिवा आणि दोघांची बटनं वेगळी. थैलीत तिन्ही रंगांचे बल्ब ठेवतो, अंधार पडल्यावर त्याच बैठकीत एकेक लावून दाखवतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो. वय झालेल्या डोळ्याला उजेड जास्त लागतो, चकाकी मात्र कमी सोसते. ज्यांना हे दहा मिनिटांचं पाहणंही जड वाटतं, ते पुढं वर्षानुवर्षं नको असलेल्या उजेडात बसतात.

लोंबता होल्डर आणि बैठकीतला कापूस

या चुकीबद्दल मी थांबून बोलतो, कारण इथं प्रश्न शोभेचा नाही.

आपल्याकडे वेचणी झाली की कापूस बैठकीत येतो. भाव वाढेपर्यंत तिथंच राहतो, ढीग पंख्याला टेकायला येतो. दिवा मात्र पाहुण्यांचा विचार करून लावलेला असतो: मधोमध, वायरला लोंबता होल्डर, वायर पुरली नाही म्हणून मध्ये पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड. एका घरून हिवाळ्यात बोलावणं आलं. "भाऊ, बल्ब दोनदा बदलला, तरी लपलप करतेच." जाऊन पाहतो तर होल्डर कापसात गळ्यापर्यंत रुतलेला. मी आधी मेन बंद करायला लावला, मग हातानं कापूस बाजूला सारला. जोडाचा टेप वितळून चिकटला होता, तांबं काळं पडलं होतं आणि भोवतीचा कापूस चहासारखा तपकिरी झाला होता. घरातली पोरं त्याच ढिगाला टेकून झोपत होती.

एलईडी फारसा तापत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. दिवा नाही, ढिला जोड तापतो. कापूस आतल्या आत धुमसतो, वर काही दिसत नाही. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवा लपलपायला लागला तर बल्ब बदलण्याआधी जोड आणि होल्डर पाहा, तेही मेन बंद करून. ज्या बैठकीत कापूस भरणार, तिथं मी मधोमध पॉइंट काढतच नाही. दाराच्या वर, भिंतीला घट्ट बसवलेली पट्टी, अखंड वायर, मध्ये जोड नाही. ढीग आणि दिवा यांच्यात निदान तीन-चार फूट राहिले पाहिजेत. पीळ-टेपवाला जोड मला कुणी कितीही आग्रह केला तरी मी करून देत नाही.

व्होल्टेज न पाहता स्वस्त दिवा घेणे

रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की बऱ्याच गावांत व्होल्टेज बसतं. स्वस्त एलईडीत वेगळा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला नेमकी वीज पुरवणारं सर्किट, नसतो. असा दिवा तेव्हा मिणमिणतो. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्टसारखा मोठा पल्ला छापलेला असेल तोच घ्या. आणि काही घरांत दिवे भगभगले, काहींत मंदावले, तर बहुतेक डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) किंवा लाइनवरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटलेला असतो. लगेच मेन बंद करा, लाइनमनला कळवा. डीपीला हात लावू नका.

बाकीच्या

पीओपीत गोल दिव्यांची रांग: मे महिन्यात ४५ अंशांत स्लॅब तापतो, त्याखालच्या बंद पोकळीत ड्रायव्हर भाजून निघतात. लावायचेच तर थोडे लावा आणि ड्रायव्हर काढता येईल असे.

पंख्याच्या वर दिवा नको, पात्यांची सावली भिंतभर फिरते.

टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर पट्टी नको, पडद्यात तीच दिसते.

पावसाळ्यात दाराशी पांढरा दिवा लावला की किडे घरात येतात. छपरीत पिवळसर लावा.

लोडशेडिंग धरून भिंतीवरचा लहान दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

बटन बंद केल्यावरही एलईडी मंद चमकत राहिला, तर "दिवाच खराब" म्हणून दुकानात परत नेऊ नका. बटनात इंडिकेटर असेल तर त्यामुळेही तो चमकतो. नसेल, तर बटन फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरऐवजी, न्यूट्रलवर बसलेलं असण्याची शक्यता मोठी. म्हणजे बटन बंद असतानाही होल्डरमध्ये करंट आहे, आणि बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला तो बसू शकतो. वायरमनला टेस्टर लावून पाहायला सांगा आणि फेज बटनातून फिरवून घ्या. तोवर त्या होल्डरला मेन बंद केल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.