कमी पाडली म्हणजे दुर्मिळ नव्हे: नाणी जमवताना या चुका टाळा

रविवारी सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला चहा घेता घेता आमची चार-पाच नाणेवेड्यांची बैठक जमते. दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी नवा येतो, मोबाइल पुढे करतो आणि तेच विचारतो, "काका, ही फक्त एवढीच छापलीत. किती येतील?" एक तर नाणी छापत नाहीत, पाडतात. आणि दुसरं, वीस वर्षं हेच ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नुसत्या आकड्यावर भाळणं

गेल्या वर्षी घोडबंदर रोडचा एक मुलगा 2009च्या अमेरिकन पाच सेंटचे दोन रोल घेऊन आला. एका रोलमध्ये चाळीस नाणी, एकेक दोनशे रुपयांना पडलेलं. आकडा त्याने चोख पाठ केला होता: फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्या वर्षी 3 कोटी 98 लाखच पाडली, डेन्व्हरने 4 कोटी 68 लाख. आदल्या वर्षी दोन्हीकडची मिळून 62 कोटींच्या वर होती. मी विचारलं, "का रे कमी पाडली?" गप्प.

मंदी होती. चणचण आली की लोक गल्ले फोडतात, बरण्या बँकेत नेऊन रिकाम्या करतात. जुनीच नाणी इतकी परत येतात की नवी कुणी मागत नाही आणि टांकसाळ थंडावते. पण संग्राहकांना याचा वास लगेच लागला आणि त्यांनी रोलच्या रोल उचलून कपाटात ठेवले. म्हणजे पाडली कमी, पण त्यातली जपून ठेवलेली भरपूर. 1931च्या महामंदीतही हेच झालं. सॅन फ्रान्सिस्कोने फक्त 8 लाख 66 हजार सेंट पाडले आणि लोकांनी ते तेव्हाच साठवले. आज ते स्वस्त नाहीत, पण कोरे करकरीत नग आकड्यावरून वाटतं त्यापेक्षा बरेच सापडतात.

मी कॅटलॉगमधल्या आकड्याशेजारी पेन्सिलीने दोन शब्द लिहितो: का कमी, आणि पुढे कुठे गेली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर पाकीट खिशातच राहतं. त्या मुलाला एवढाही धीर नव्हता. व्हिडिओ पाहिला आणि रात्री एक वाजता पैसे भरले.

उलट बाजू विसरणं: भट्टी

काही नाणी पाडल्यानंतर वितळवली जातात आणि म्हणून दुर्मिळ होतात. इथे मी स्वतः पोळलोय. पंचम जॉर्जनंतरच्या सहाव्या जॉर्जचा 1939चा रुपया संग्राहकांना का हवा असतो? युद्ध सुरू झालं, लोक चांदी दडवू लागले, 1940मध्ये सरकारने रुपयातली चांदी जवळपास 92 टक्क्यांवरून 50 वर आणली. जुने चांगल्या चांदीचे रुपये परत घेऊन वितळवले. 39चे फार थोडे वाचले.

हे सगळं वाचून मी एका प्रदर्शनात तो रुपया घेतला, तेव्हाच्या दोन पगारांना. घरी येताना जांभळी नाक्यावर ओळखीच्या सराफाकडे वजन केलं: 11.66 ग्रॅम, अगदी तोळाभर. छाती फुगली. सराफाने शांतपणे दहापट भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं दिव्याखाली तिरकं धरलं. 9च्या पोटाशी बारीक ओरखडे, आजूबाजूची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, किंचित खोल. खरा रुपया होता, पण 1938चा. 8 कोरून 9 केलेला. वजन बरोबर येणारच की! तेव्हापासून भिंग खिशात असतं आणि विकणारा "लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणाला की मी सरळ चहा प्यायला जातो.

बाकीच्या, थोडक्यात

सालाखाली टांकसाळीचं चिन्ह नाही म्हणून "एरर", म्हणजे पाडताना चुकलेलं नाणं, असं ओरडू नका, ते कोलकात्याचं. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका.

रिझर्व्ह बँकेच्या अहवालातले आकडे आर्थिक वर्षाचे, एप्रिल ते मार्च. नाण्यावरच्या सालाशी ते जुळवत बसू नका.

जानेवारी 2018मध्ये गोदामं भरल्यामुळे आपल्या चारही टांकसाळींना चलनी नाणी पाडणं थांबवायला सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. तरी 2018ची नाणी डब्यात भरून ठेवणारे मला अजून भेटतात.

वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला कुणी लाखो रुपये देत नाही. "आधी कमिशन भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021मध्येच सावध केलंय.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीही लावू नका. चमकतं नाणं, मरतो भाव.

मऊ प्लास्टिकचे अल्बमही नकोत. ठाण्याच्या एका पावसाळ्यात तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर धरतो. मी कागदी पाकिटं वापरतो, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि गणपतीच्या आधी त्या बदलतो.